सालाझार मराठीत सापडतो का?

18 डिसेंबर 1961 रोजी सकाळी बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या धावपट्टीवरून उडालेल्या भारतीय हंटर विमानांनी गोव्यातल्या बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा शरण आला. त्याच वर्षी, 30 मे रोजी, कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये राफाएल त्रुहियो हा एकतीस वर्षे सत्ता गाजवणारा हुकूमशहा भर रस्त्यात गोळ्या घालून मारला गेला. दोन्ही घटनांना साठ वर्षे उलटून गेली. त्रुहियोवर जगाने काय लिहिले आणि गोव्यावर राज्य करणाऱ्या पोर्तुगालच्या हुकूमशहावर, सालाझारवर, आपण काय लिहिले, हे एकदा शेजारी ठेवून पाहायला हरकत नाही.

त्रुहियोच्या वाट्याला कादंबऱ्या आल्या. त्याला विरोध करणाऱ्या मिराबाल बहिणींचा 25 नोव्हेंबर 1960 रोजी खून झाला. हुलिया अल्वारेझने 1994 मध्ये त्यांच्यावर कादंबरी लिहिली. त्याने घडवलेल्या 1937 च्या हैतियन मजुरांच्या कत्तलीवर एडविज डान्टिकाने 1998 मध्ये लिहिले. पेरूच्या मारिओ वार्गास योसाने 2000 मध्ये थेट हुकूमशहाच्या डोक्यात शिरून दाखवले. लघवीवरचा ताबा सुटलेला, त्या लाजेने आतून जळणारा म्हातारा आणि त्याच्यापुढे थरथरणारे मंत्री त्याने उभे केले. 2007 साली हुनो दियासने तीच दहशत परदेशात वाढलेल्या पोराच्या खट्याळ भाषेत सांगितली. यातला योसा तर त्या देशाचाही नव्हे. विषय आपला नाही म्हणून तो थांबला नाही.

आता आपल्याकडे. गोव्याच्या लढ्यात बेळगावचा सीमाभाग नुसता प्रेक्षक नव्हता. मे 1946 मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. सुमारे महिनाभराने, 18 जूनला, राममनोहर लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली. ऑगस्टमध्ये नॅशनल काँग्रेस (गोवा) स्थापन झाली ती खानापूर तालुक्यातल्या लोंढ्याला, कारण हद्दीपलीकडे गोव्यात चार माणसे जमणेच गुन्हा होता. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी 1955 च्या नोव्हेंबरपासून चालवलेले गुप्त रेडिओ केंद्र आधी आंबोलीच्या रानात होते, मग कॅसल रॉकला. एखाद्या कादंबरीकाराला याहून जास्त काय हवे? घाटातला पाऊस, लपवलेला ट्रान्समीटर, पोर्तुगीज आणि कोकणी बातम्या लिहून वाचणारी दोन तरुण माणसे. पुढे ती नवरा-बायको झाली.

मराठीत या सगळ्यातून आले ते मुख्यतः साक्षीचे साहित्य: आठवणी, तुरुंगातल्या नोंदी, गौरवग्रंथ, स्मरणिका. यातले वरच्या दर्जाचे पुस्तक मोहन रानडे यांचे 'सतीचे वाण'. सांगलीचा हा तरुण सावई-वेऱ्याला मराठी शिकवायला गेला, आझाद गोमंतक दलात शिरला, 1955 च्या ऑक्टोबरात बेतीच्या चौकीवरील हल्ल्यात गोळी लागून पकडला गेला. 26 वर्षांची शिक्षा झाली आणि त्याची रवानगी पोर्तुगालला करण्यात आली. गोवा सुटला तरी रानडे सुटले नाहीत. ते जानेवारी 1969 मध्ये बाहेर आले. या तारखेत गोव्याच्या पाठ्यपुस्तकी इतिहासात न बसणारी एक गोष्ट आहे. लिस्बनजवळच्या काशियाशच्या तुरुंगात सालाझारचेच देशबांधवही कोंडलेले होते. तिरंगा पणजीत फडकल्यावरही सालाझारने उभी केलेली राजवट संपली नव्हती. ती संपली 25 एप्रिल 1974 रोजी. रानड्यांच्या आयुष्याने ही दुसरी बाजू पाहिली. बाकीच्या मराठी लेखनात मात्र सालाझार हा 'फिरंगी' म्हणून येतो, हुकूमशहा म्हणून जवळजवळ येतच नाही.

माझा मुख्य आक्षेप हाच आहे. आपण गोव्याचा लढा परकीय सत्तेविरुद्धचा म्हणून लिहिला, आणि तो तसा होताही. पण 1932 पासून लिस्बनमध्ये अर्थशास्त्राचा जो माजी प्राध्यापक बसला होता, त्याने केवळ वसाहती राखल्या नाहीत. सेन्सॉर, खबरे आणि गुप्त पोलीस यांच्या जोरावर एक संपूर्ण समाज गप्प ठेवला. गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरच्या नजरेखालून जात. ती पत्रिका तपासणारा कारकून कोण होता? बहुधा गोंयकारच. शेजाऱ्याची चहाडी करणारा, जमीन राखण्यासाठी आदमिनिश्त्रादोरापुढे, म्हणजे पोर्तुगीज प्रशासकापुढे, वाकणारा भाटकार, मुलाला लिस्बनला पाठवून इथे तोंड मिटून बसलेला बाप, ही पात्रे मराठी साहित्यात का उभी राहिली नाहीत? आपल्या गोष्टीत सत्याग्रही असतो आणि गोळी घालणारा असतो. मधला माणूस नसतो, आणि हुकूमशाही चालते ती त्या मधल्या माणसावर.

काझिमिरो मोंतेइरोचे उदाहरण घ्या. गोव्यातच जन्मलेला, सत्याग्रह्यांना कोठडीत बडवणारा हा पोलीस पुढे पोर्तुगालच्या गुप्त पोलिसांत गेला आणि फेब्रुवारी 1965 मध्ये स्पेनच्या हद्दीत जनरल उंबेर्तु देल्गादोचा खून करणाऱ्यांत तोच होता. सालाझारच्या उमेदवाराविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवण्याची हिंमत करणारा माणूस, आणि त्याला मारणारा आपल्या बाजूच्या भूमीत वाढलेला. आपल्याकडे तो आठवणींमधल्या मारहाणीच्या परिच्छेदापुरता उरला आहे.

अन्य भाषांनी थोडे अधिक केले. लॅम्बर्ट मस्कारेन्हसची इंग्रजी कादंबरी 1955 मध्येच आली. ओर्लांदो द कोश्ताने 'ऊ सिग्नो दा इरा' ही कादंबरी पोर्तुगीजमध्ये लिहिली. 1961 मध्ये ती आली आणि राजवटीने ती जप्त केली. तिच्यात झेंडे कमी आहेत, शेतावर राबणाऱ्या ख्रिस्ती कुणब्यांची भूक जास्त. त्रिदिब चौधरींनी बंगालीत सालाझारच्या तुरुंगातल्या एकोणीस महिन्यांवर पुस्तक केले. ना. ग. गोरे आणि मधू लिमयेही त्याच काळात तिथे होते. दोघेही लिहिणारे होते. पण गोऱ्यांच्या लेखणीचा ललित अंश या तुरुंगवासाच्या वाट्याला पुरेसा आला नाही, ही हळहळ वाटते.

गोव्यातले मराठी लेखक? लक्ष्मणराव सरदेसायांनी तुरुंग भोगला, पण त्यांची कथा गावगाड्यात आणि माणसांच्या मनात अधिक रमली. बाकीबाब बोरकरांनी 1946 नंतर गोवा सोडला. पुण्याच्या आकाशवाणीवर राहून गोव्याची ओढ त्यांनी जपली, पण त्यांची प्रकृतीच दहशत रंगवण्याची नव्हती. त्यासाठी त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

दोष परिस्थितीचा थोडा आहेच. मुक्तीनंतर गोव्याच्या लेखकांची शक्ती विलीनीकरणावरच्या 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात आणि मग 1987 च्या राजभाषा कायद्यापर्यंत चाललेल्या मराठी-कोकणी वादात गेली. आमचे बेळगावकरांचे तर त्याआधीच बिनसले. 15 ऑगस्ट 1955 रोजी वीसहून अधिक गोवा सत्याग्रही पोर्तुगीजांच्या गोळीबारात पडले, तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होते; 1 नोव्हेंबर 1956 ला ते म्हैसूर राज्यात गेले. ज्या पिढीने गोव्याच्या सत्याग्रह्यांना भाकरी बांधून दिल्या तीच पिढी पुढे स्वतःच्या सीमालढ्यात उतरली. इथल्या लिहित्या माणसाने प्रतिकार लिहिला तो सीमाप्रश्नाचा. हे समजण्यासारखे आहे. पण पन्नास वर्षे तेच कारण पुरवून वापरणे मला पटत नाही.

सीमाभागात कडोली, येळ्ळूर, उचगाव आणि सांबरा इथे गावोगावची साहित्य संमेलने होतात. ग्रंथदिंडी निघते, कविसंमेलन रंगते, आणि सीमाप्रश्नावरचे भाषण ठरलेले असते. सांबऱ्याच्या संमेलनाने एक परिसंवाद 'सालाझारचा गोवा आणि मराठी कादंबरी' या विषयावर ठेवावा, आणि गोव्यातल्या लेखकांबरोबर 1961 च्या डिसेंबरात गावात लष्कराचा तळ पाहिलेल्या म्हाताऱ्यांनाही मंचावर बसवावे. त्यांतले बरेच जण आता नव्वदीला टेकले आहेत. त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवायचे असेल तर ते याच हंगामात करावे.