बार्बेलियन तेव्हा मेला नव्हता

शेवटच्या ओळीत कळतं की डायरी लिहिणारा ३१ डिसेंबर १९१७ला वारला. हे खोटं आहे. 'द जर्नल ऑफ अ डिसअपॉइंटेड मॅन' हे पुस्तक १९१९मध्ये आलं, तेव्हा डब्ल्यू. एन. पी. बार्बेलियन, खरं नाव ब्रूस कमिंग्स, जिवंत होता. गेला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, जेमतेम तिशीत. आजार मल्टिपल स्क्लेरोसिस.

पहिल्यांदा मोबाइलवर वाचलं तेव्हा मला ही लेखकाची हुशारी वाटली. दुसऱ्यांदा वाचलं ते मे महिन्यात, चिचगडला मामाकडे. मामीला चार वर्षांपासून हाच आजार आहे. ऊन वाढलं की तिचे पाय जड होतात. हल्ली बोलणंही कमी झालंय. आम्ही म्हणायचो, एवढं झाल्यावर कोणीही खचेल.

बार्बेलियनलाही मी तसंच वाचलं होतं: स्वप्नं मोडली, म्हणून उदास. पण या आजारात शरीराची संरक्षण यंत्रणा मेंदूतल्या आणि मणक्यातल्या मज्जातंतूंचं आवरणच कुरतडते. उदासी कधी त्या इजेतूनही येते. सुमारे निम्म्या रुग्णांना कधी ना कधी नैराश्य गाठतं, आणि त्यावर उपचार असतात. बार्बेलियन मात्र आपला काळोख आपला स्वभाव समजून, थोडा मिरवतच लिहितो. तिथे तो मला दमवतो.

उलट चूकही सोपी आहे. क्रॅशनंतर लॉग वाचावेत तसं प्रत्येक वाक्यात आजार शोधत बसलं, तर त्याचा विनोद, हावरटपणा, प्रेम सगळं हातचं जातं.

पुस्तकाचा खरा गाभा म्हणजे १९१५च्या नोव्हेंबरातलं पत्र. सैन्यभरतीसाठी डॉक्टरांनी दिलेलं बंद पाकीट तो परतीच्या वाटेवर फोडतो आणि आजाराचं नाव वाचतो. बायकोला ते लग्नाआधीपासून माहीत असतं, हे त्याला आणखी पुढे समजतं. दोघांनी एकमेकांना जपण्यासाठी एकमेकांपासून लपवलेलं असतं. विलापाची पानं मी भराभर उलटली, इथे थांबलो.

कारण आम्हीही मामीला 'नसांची कमजोरी' सांगितलं होतं. एमआरआयची फाइल कपाटात साड्यांखाली होती. तिने ती कधीच वाचली होती.

पत्राची गोष्ट मी तिला सांगितली.

"मंग बायकोले मालूम होतं?"

"हो."

बराच वेळ ती पंख्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नागपूरच्या डॉक्टरले सांगाचं लिवून ठेव. झोप येत नाई. जीव लागत नाई. हे पायाच्या वर लिव."