शीर्षनिर्देशांक आणि चाफेकळी नाक

शारीर मानवशास्त्राची परिभाषा मराठीत आणताना आमच्या ग्रंथकारांची मोठी गफलत पहिल्याच शब्दात झाली आहे. 'रेस' या शब्दास त्यांनी 'वंश' हा प्रतिशब्द योजिला. वंशाचा दिवा, सूर्यवंश, निर्वंश हे प्रयोग ज्याच्या कानांवरून गेले आहेत, त्यास 'अमुक वंशाचा मनुष्य' म्हणताच बाप, आजा, पणजा आठवणार. समूहांच्या सरासरी मापांवरून केलेले वर्गीकरण अशा रीतीने कुळाच्या वारशाचे रूप घेते. आणि शास्त्रासच 'मानववंशशास्त्र' म्हटल्यावर तर बोलणेच खुंटले.

'शीर्षनिर्देशांक' हा शब्द मात्र नेटका आहे. डोक्याच्या रुंदीस लांबीने भागून शंभराने गुणावे. ७५ च्या खाली दीर्घशीर्ष, ८० च्या वर पृथुशीर्ष, उरलेले मध्यमशीर्ष. परंतु १९० मिलिमीटर लांबीच्या डोक्याची रुंदी १४२ असल्यास गृहस्थ दीर्घशीर्ष, १४३ भरल्यास मध्यमशीर्ष! मिलिमीटरभराने वर्ग बदलावा, इतकी कृपा आमच्या धर्मशास्त्रानेही कोणावर केली नाही. फ्रान्झ बोआस यांनी तर १९१२ च्या ग्रंथात, अमेरिकेत जन्मलेल्या मुलांची डोकी देशांतर केलेल्या आईबापांहून निराळी भरतात असे प्रतिपादिले. त्यांच्या आकड्यांवर पुढे वाद माजला, तरी कवटी अढळ मानण्याचा काळ तेथेच सरला.

नाकाची कथा अधिक उद्बोधक आहे. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा नियम रिस्ले साहेबांनी बसविला. डॉ. घुर्ये यांनी १९३२ साली मापे पुनः तपासली, तेव्हा महाराष्ट्रात तो नियम लागू पडेना. त्याच जातीच्या मापांच्या आधारे डॉ. आंबेडकरांनी १९४८ साली, ब्राह्मण व अस्पृश्य भिन्न वंशांचे नाहीत, हा पक्ष मांडिला. ज्या हत्याराने उतरंड रचली, त्यानेच ती ढासळविली, हे आम्हांस विशेष वाटते. इरावतीबाई कर्वे यांनी बर्लिनमध्ये याहून कठीण धाडस केले. युरोपीयांच्या कवटीतील डाव्याउजव्या बाजूंची विषमता श्रेष्ठतेची खूण असावी, हे गुरू ऑयगेन फिशर यांचे अनुमान आपल्या मापांत टिकत नाही, असे त्यांनी त्याच गुरूंच्या हाताखाली लिहिलेल्या प्रबंधात नमूद केले.

असे असता कल्याण-डोंबिवलीच्या सुशिक्षित घरांत वधूची चौकशी अजून रंग नि चाफेकळी नाक यांपासूनच सुरू होते. रिस्लेचे नाव न ऐकता त्याचा नियम पाळणारी ही मंडळी! याच जिल्ह्यातील आगरी, कोळी, ठाकूर, कातकरी यांचा 'निराळा वंश' असा उल्लेख आम्ही शिकल्यासवरल्या लोकांच्या तोंडून ऐकतो. 'लोकसमूह' हा साधा शब्द येथे पुरेसा असता. कातकऱ्यांचे नाव तर खैराचा कात काढण्याच्या धंद्यावरून पडलेले आहे. त्यात नाकाचा संबंध कोठे येतो?