मागितले नाही म्हणून

मजुराचा रोज सूर्य मावळण्यापूर्वी त्याच्या हाती पडावा, ही देवारीमच्या २४ व्या अध्यायातील आज्ञा आपल्या व्याख्यानांत फार अभिमानाने सांगितली जाते. जगाला उशिरा सुचले ते आपल्याला मोशे रब्बेनूंनी आधीच दिले, असा सूर असतो. हा सूर आम्हांस अपुरा वाटतो. मुंबईच्या गिरण्यांत, जेथे ससून घराण्याच्याही गिरण्या होत्या व आपलेही लोक राबत, पगार मागे ठेवण्याची रीत होती. तिला सात किंवा दहा दिवसांची मर्यादा घातली ती १९३६ च्या सरकारी कायद्याने.

व्याख्याते एक गोष्ट गाळतात. बावा मेत्सियात मालकाला दोन सवलती आहेत. मजुराने मजुरी मागितलीच नाही, तर मालक दोषी नाही. आणि मध्यस्थाने 'पैसे मालक देईल' असे सांगून माणसे लावली, तर दोघेही सुटतात : मालकाने स्वतः ठरवले नाही म्हणून, मध्यस्थाकडे देणे नाही म्हणून.

या सवलती आजच्या एका जागी लावून पाहू. कतारमध्ये दोहा शहराच्या उत्तरेस अल दुहैल ही बंगल्यांची वस्ती आहे. आखात आपल्याला परके नाही. आपले पूर्वज ज्या अलिबाग-रेवदंड्याकडे तेल गाळीत, त्याच मुलखातून आजही माणसे तिकडे जातात. अशा बंगल्यात राबणाऱ्या बाईसाठी कतारने २०१७ साली कायदा केला. पगार महिनाअखेर, फार तर पुढल्या महिन्याच्या ३ तारखेपर्यंत द्यावा. मुदत चांगलीच म्हणायची. परंतु २०२० मध्ये अॅम्नेस्टीने तेथील १०५ घरकामकरी बायकांशी बोलून अहवाल काढला. त्यांतील ८७ जणींचे पासपोर्ट मालकांनी ठेवून घेतले होते. पगार थकल्याचे वा बुडाल्याचेही काहींनी सांगितले. पासपोर्ट मालकाच्या कपाटात, राहण्याचा परवाना त्याच्या हाती, आणि तक्रार केलीच तर पळून गेल्याची फिर्याद होण्याची भीती. ती बाई पगार मागेल कशी? तिने मागितले नाही, यावरून काय सिद्ध होते?

कतारी मालकाला मिश्ना लागू नाही, हे आम्ही जाणतो. पण सवलत पारखायला ही जागा बरी. आमच्या मते हखामीमांपुढे जो मजूर होता तो संध्याकाळी मालकाच्या दारात उभा राहून मागू शकत होता; न मागणे ही त्याची खुशी होती. त्यांचा कल कोणाकडे होता तेही पाहावे. मालक म्हणतो दिले, मजूर म्हणतो मिळाले नाही, असा तंटा मुदतीत उभा राहिला, तर शपथ मजुराने घ्यायची आणि पैसेही त्यानेच न्यायचे. कारण मालकाला माणसे पुष्कळ, त्याला विसर पडतो. मजुराला एवढे मानणाऱ्यांच्या तोंडी भीतीने गप्प बसलेल्या बाईविरुद्धचा निकाल घालणे आम्हांस गैर वाटते.

आणि अल दुहैल दूर म्हणून हायसे वाटायला नको. इस्राएलच्या १९५८ च्या वेतन संरक्षण कायद्याने उशिराच्या पगाराला 'हलाना' हा तोराच्याच आज्ञेतला शब्द दिला, मुदत मात्र नवव्या दिवसापर्यंत ताणली. आपल्या वृद्धांच्या उशाशी रात्रंदिवस बसणाऱ्या परदेशी बायकांचा थोडा पगार कंपनीकडून येतो, उरलेला घरच्यांनी द्यायचा असतो. नर्सिंगमध्ये आयुष्य गेल्यामुळे या बायका आमच्याशी मोकळेपणी बोलतात. 'कंपनीला विचार' हे उत्तर त्यांना कंपनीच्या हिश्शासाठीच नव्हे, घरच्या हिश्शासाठीही मिळते. आणि पुष्कळ जणी विचारीतच नाहीत, कारण आजीबाई गेल्या की नवे घर शोधायचे असते आणि तेथे या घरचा चांगला शब्द लागतो.

आपल्या मंडळांनी या विषयावर पुन्हा व्याख्यान ठेवले, तर वक्त्यांनी बावा मेत्सियातील या दोन सवलतींवर बोलावे, आणि श्रोत्यांत या बायकांनाही बोलवावे.