वेग, कडा आणि पोलीस : मोटारवेड्या तरुणांच्या अमेरिकी चित्रपटांतील मृत्यूचे स्थान

मोटारींच्या वेडाने झपाटलेला तरुण, रात्रीच्या रस्त्यावरील बेफाम शर्यत आणि पाठीमागून येणारा पोलिसांचा भोंगा हा अमेरिकी चित्रपटाचा अर्धशतकाहून जुना विषय आहे. त्याची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाशी येऊन थांबते : असे चित्रपट पाहून तरुण बिघडतात काय? हा प्रश्न समाजशास्त्राचा आहे. त्याचे उत्तर कलाकृतीच्या वाचनातून मिळत नाही. समीक्षेला विचारता येईल असा प्रश्न निराळा आहे. वेगाचा परिणाम म्हणून जो मृत्यू संभवतो, त्याला चित्रपट आपल्या रचनेत कोठे जागा देतो? प्रस्तुत लेखात 'रेबेल विदाउट अ कॉज' (1955), 'अमेरिकन ग्राफिटी' (1973) आणि 'द फास्ट अँड द फ्युरिअस' (2001) या तीन चित्रपटांचा या दृष्टीने विचार केला आहे.

निकोलस रे दिग्दर्शित 'रेबेल'मधील कड्यावरील शर्यत सुविख्यात आहे. चोरलेल्या दोन मोटारी कड्याच्या दिशेने भरधाव सोडायच्या आणि जो आधी बाहेर उडी घेईल तो भित्रा, असा तिचा नियम. बझच्या जाकिटाची बाही दाराच्या मुठीत अडकते आणि तो मोटारीसह खाली जातो. हा मृत्यू वीराचा नाही. बझला मरायचे नव्हते. काही क्षणांपूर्वीच त्याने जिमशी जवळजवळ मैत्री केली होती. एका बाहीने घात केला, इतकी ही गोष्ट क्षुल्लक आहे आणि म्हणूनच ती भयंकर वाटते. महत्त्वाचे असे की हा प्रसंग चित्रपटाच्या मध्यावर येतो. उरलेला सर्व भाग त्याच्या परिणामांचा आहे. जिम घरी येऊन आईवडिलांना सांगतो की त्यास पोलिसांकडे जावयाचे आहे. आईवडील त्यास परावृत्त करतात. येथे पोलिसांपासून पळण्याचा सल्ला वडीलधारी माणसे देतात आणि मुलगा पोलिसांकडे धावतो, हा उलटा क्रम अनेक समीक्षकांच्या नजरेतून निसटतो. ठाण्यात मात्र ज्या एका अधिकाऱ्याने त्याचे ऐकून घेतले असते तो जागेवर नसतो. शेवटी प्लेटो पोलिसांच्याच गोळीने मरतो, आणि त्याच्या हातातील पिस्तुलातील गोळ्या जिमने आधीच काढून घेतलेल्या असतात. चित्रपट कोणासही सहज निर्दोष ठरवीत नाही.

जॉर्ज लुकास यांच्या 'अमेरिकन ग्राफिटी'त सूर पालटतो. 1962 सालच्या मॉडेस्टो गावातील एका रात्रीची ही कथा. येथे पोलीस हा थट्टेचा विषय आहे : गस्तीच्या गाडीच्या मागील आसाला दोर बांधला जातो, गाडी सुसाट निघते आणि आस मागेच राहतो. प्रेक्षागृहात हशा पिकतो. परंतु याच चित्रपटात जॉन मिल्नर हा गावातील सर्वांत वेगवान चालक एका अल्लड मुलीला घेऊन मोटारींच्या भंगारखान्यातून फिरतो आणि कोणत्या सांगाड्यात कोणाचा अंत झाला ते सांगतो. संपूर्ण चित्रपटातील हे सर्वांत शांत दृश्य असावे. पहाटेच्या शर्यतीत प्रतिस्पर्ध्याची मोटार उलटून पेट घेते, माणसे वाचतात, मिल्नर जिंकतो. आपण हरत होतो हे त्यास ठाऊक असते, तो तसे बोलूनही दाखवितो. त्याचा चाहता मात्र ते मानण्यास तयार नसतो. शेवटच्या पाटीवर कळते की मिल्नर 1964 च्या डिसेंबरमध्ये मद्यधुंद चालकाच्या धडकेने मेला. मृत्यू कथेबाहेर गेला, तरी त्याची नोंद चुकली नाही.

न्यूयॉर्कमधील रस्त्यांवरील शर्यतींविषयीच्या 1998 च्या एका मासिकलेखावरून स्फुरलेल्या 'द फास्ट अँड द फ्युरिअस'ची कथा लॉस एंजेलिसमध्ये घडते. या चित्रपटाचे बळ नाकारण्याचे कारण नाही. 'रेबेल'मधील मुले सुखवस्तू घरांतील आहेत, त्यांच्या शर्यतीच्या मोटारी चोरीच्या. येथील तरुण मात्र गॅरेजमध्ये राबतात आणि स्वतःच्या हातांनी यंत्र घडवितात. मोटार ही त्यांची एकमेव मिळकत, एकमेव प्रतिष्ठा. नाना वंशांच्या या कष्टकरी मंडळींचे एका मेजावर जेवण होते, तेव्हा वेगाचे आकर्षण मुळात आपलेपणाचे आकर्षण आहे हे उमगते. वेषांतर करून आलेला पोलीस ब्रायन याच मेजाला भुलतो आणि अखेरीस टोरेटोच्या हाती मोटारीची किल्ली देऊन त्यास पळू देतो. 1955 साली मुलगा पोलिसांकडे धावत होता. 2001 साली पोलीसच पळणाऱ्याच्या बाजूचा होतो.

आता मृत्यूचे स्थान पाहावे. जेसी हा कोवळा मुलगा मरतो, पण बंदुकीच्या गोळीने. टोरेटोची मोटार ट्रकवर आदळून उलटते आणि तो दुखरा हात सावरीत बाहेर येतो. वेगाने झालेला एकच मृत्यू कथेत आहे, तो टोरेटोच्या वडिलांचा. तो भूतकाळातील आहे, आणि घडला आहे तो अधिकृत, परवानाप्राप्त शर्यतीच्या मैदानावर! रस्ता जणू मैदानाहून निर्धोक. ही निवड अनवधानाने झाली असेल. परंतु मालिकेच्या पुढील भागांनी तिचे धोरण केले. 2006 च्या भागात टोकियोच्या रस्त्यावर हानचा अंत होतो. 2013 साली तो अपघात नसून घातपात होता असे दाखविले जाते आणि 2021 साली हान जिवंत परततो. एका अपघाताचा आधी खून झाला, मग तोही रद्द झाला.

प्रत्यक्षाने या दोन्ही चित्रपटांना गाठले. जेम्स डीन 30 सप्टेंबर 1955 रोजी चौकात वळणाऱ्या दुसऱ्या मोटारीशी झालेल्या धडकेत गेला; त्याच दुपारी अतिवेगाबद्दल पोलिसांनी त्यास दंडाची पावती दिली होती. 'रेबेल' प्रदर्शित झाला तो 27 ऑक्टोबरला. प्रेक्षकाने कड्यावरील दृश्य पाहिले ते या बातमीसह, आणि दृश्य त्या बातमीपुढे खोटे पडले नाही. ब्रायनची भूमिका करणारा पॉल वॉकर 30 नोव्हेंबर 2013 रोजी मित्राच्या शेजारी बसून जात असता मरण पावला. ताशी सुमारे 72 किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर मोटारीचा वेग 129 ते 150 च्या दरम्यान होता, असा तपासाचा निष्कर्ष निघाला. 2015 च्या सातव्या भागात त्याचे भाऊ आणि संगणक यांच्या साहाय्याने ब्रायन पुन्हा उभा करण्यात आला. शेवटी त्याची पांढरी मोटार वेगळ्या वाटेने निघून जाते. हा निरोप हृद्य आहे, मित्रांचा शोक खरा आहे. तथापि ज्या मालिकेने वेगाने येणारा मृत्यू कधी मान्य केला नाही, तिच्यापाशी तो व्यक्त करण्यास भाषाच उरली नव्हती, हेही त्या दृश्यात दिसते.

मुंबईत घडणारा 'धूम' (2004) या परंपरेचा भारतीय वारस. मोटारींच्या जागी मोटरसायकली, टोळीतील तरुण दिवसा पिझ्झा पोचविणारे, आणि पोलिसाच्या साहाय्याला शर्यतींचा शौकीन मेकॅनिक अली. वर्गाचे भान येथे निसटते का होईना, आहे. अखेरीस कोंडीत सापडलेला कबीर शरण जाण्याऐवजी मोटरसायकलीसह कड्यावरून झेप घेतो. कडा पुन्हा आला; फक्त कोठे बाही अडकलेली नाही. बझला उडी घ्यावयाची होती, ती जमली नाही. कबीर ती घेण्याचा विचारही करीत नाही, आणि चित्रपट त्याच्या झेपेकडे विलक्षण कौतुकाने पाहतो. खाली काय उरले ते पाहण्यास कॅमेरा थांबत नाही. 'रेबेल'मध्ये मात्र मुले कड्याच्या टोकाशी येऊन खाली वाकून पाहतात, आणि तेथेच उभ्या असलेल्या जूडीपुढे जिम आपला हात करतो.