पडद्यामागची हवा

स्वस्तातला बंद पाठीचा हेडफोन कानाला लावला की आधी हेडफोन ऐकू येतो, गाणारा मागाहून. डग्ग्याचा घुमारा ठेका संपला तरी रेंगाळतो. तंबोऱ्याच्या चार तारांची मिळून एकच गुणगुण होते. टाळ कानाला टोचतात. सहाशे-सातशे रुपयांत आणखी काय मिळणार, असं म्हणून बहुतेक जण तो तसाच वापरतात आणि वायर तुटली की फेकून देतात. काही चिकट माणसं मात्र स्क्रूड्रायव्हर घेऊन बसतात. वाट्या उघडतात, आत कापूस घालतात, भोकांवर चिकटपट्टी लावतात, ऐकतात, आणि समाधान झालं नाही की पुन्हा उघडतात. जगभर या उद्योगाचं वेड आहे. अमेरिकेत डॅन क्लार्क यांनी फोस्टेक्स कंपनीच्या टी-50-आरपी या हेडफोनवर असेच प्रयोग केले, सुधारलेला हेडफोन ‘मॅड डॉग’ नावाने विकला आणि त्यातून पुढे स्वतःची कंपनी उभी केली. एवढी मजल सगळ्यांनी मारायची नसते. पण या दुरुस्तीची खुमारी अशी की ज्यातून आवाज निघतो त्या भागाला आपण हातही लावत नाही. पडदा तोच, चुंबक तेच, तारेचं वेटोळं तेच. बदलते ती पडद्याच्या मागची आणि पुढची हवा.

इथे जालन्यात हेडफोन बंद पाठीचाच लागतो. उघड्या पाठीच्या हेडफोनला मागे जाळी असते. त्यातून जितका आवाज कानात जातो जवळजवळ तितकाच बाहेरही पडतो, आणि बाहेरचा तसाच आत येतो. जाणकार त्याच प्रकाराची तारीफ करतात, ती रास्तही आहे. पण ज्या घरात एकाच खोलीत एक पोर दहावीचा अभ्यास करतंय आणि आईची मालिका चालू आहे, तिथे ही चैन परवडत नाही. अंबड चौफुलीवर एसटीची वाट पाहताना किंवा एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमधून रात्रपाळी करून परतताना तर नाहीच नाही. बंद वाटी बाहेरचे हॉर्न, बोलणं, भांड्यांचे आवाज बरेच अडवते. एसटीच्या इंजिनाची घरघर मात्र आत येतेच. खालच्या स्वरांच्या लांबलचक लाटांना पातळ प्लास्टिकची मातब्बरी वाटत नाही. हाच दुबळेपणा उलट्या दिशेनेही नडतो, हे वाटी उघडल्यावर कळतं.

उघडायची ती सावकाश. गादीची कड नखाने सुटी करत गोल फिरायचं. खाली तीन-चार बारीक स्क्रू असतात. काही वाट्या नुसत्या डिंकावर बसवलेल्या असतात, त्यांच्या वाटेला न गेलेलं बरं. चकती वर उचलली की तिच्या पाठीशी चिकटलेला ड्रायव्हर दिसतो. स्वस्त प्रकारात त्याचा पडदा बहुधा तीस ते चाळीस मिलिमीटर व्यासाचा असतो. मध्ये चुंबक, चुंबकाभोवती बारीक भोकं, आणि त्या भोकांवर पातळ कागदाचं किंवा फेल्टचं कडं. केसासारख्या दोन तारा बाहेर निघतात, त्यांवर रोगण असतं. वायर बदलायची असेल तर सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने ते रोगण आधी जाळावं लागतं, नाहीतर टाका बसल्यासारखा दिसतो आणि आवाज येत नाही. एका बाजूच्या दोन तारा उलट-सुलट जोडल्या गेल्या तर गंमत होते: आवाज दोन्हीकडून येतो, पण डोक्याच्या मधोमध उभा असलेला गायक तिथून नाहीसा होतो.

उरलेली वाटी रिकामी असते. अगदी रिकामी. तिच्यावर नख मारून पाहावं: टक्. पातळ, कडक, घुमणारं प्लास्टिक. या हेडफोनमधलं बरंचसं दुखणं या एका आवाजात ऐकू येतं.

पडदा पुढे सरकतो तेव्हा कानाकडची हवा दाबतो, मागे येतो तेव्हा वाटीतली. म्हणजे जितकं गाणं कानात, तितकंच उलटं होऊन वाटीत. उघड्या हेडफोनमध्ये ते मागचं गाणं निघून जातं. बंद वाटीत ते दीड-दोन सेंटिमीटरवरच्या भिंतीवर आपटून परततं आणि पातळ पडद्यातूनच कानात शिरतं, क्षणाच्या अगदी छोट्या तुकड्याने उशिरा. वाटीची आतली रुंदी पाच सेंटिमीटर धरली तर तिच्यात अर्धी लाट बसते ती सुमारे 3,400 हर्ट्झची. तो सूर आला की वाटी स्वतःच गाऊ लागते. आपल्या कानाच्या नळीचा स्वतःचा घुमारा तीन हजार हर्ट्झच्या आसपास असतो, त्यामुळे कान जिथे सर्वांत तिखट तिथेच वाटीही ओरडते. टाळ टोचतात त्यात टाळांइतकाच वाटा या रिकाम्या जागेचा.

आता कापूस. मेडिकलच्या दुकानात मिळतो तो धुऊन, मेण काढून, पाणी पिण्यासाठी तयार केलेला असतो. कामाला तोही येतो. पण जालना जिल्ह्यात राहून कापूस पुडीतून आणायचा म्हणजे गोदाकाठी राहून बाटलीचं पाणी पिण्यासारखं. इथे जिनिंगच्या आवारात सरकी काढलेली रुई सहज मिळते. तिच्या धाग्यावर नैसर्गिक मेण शाबूत असतं, त्यामुळे ती घाम लगेच पीत नाही. मे महिन्यात हेडफोन घालणाऱ्याला याचं मोल कळेल. (बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिको ही बियाणे कंपनी सुरू केल्यापासून जालन्याचं नाव बियाण्यांसाठी घेतलं जातं. या कामात मात्र बी बाजूला पडतं.) रुईचा गोळा तसाच कोंबला तर उपयोग नाही. पिंजारी पिंजतो तशी ती बोटांनी मोकळी करायची, धागा न् धागा सुटा होईपर्यंत. हवा त्या धाग्यांमधून ये-जा करताना घासली जाते, तिची थोडी शक्ती उष्णतेत जाते, आणि भिंतीवरून परतणारं गाणं अर्ध्या वाटेत थकतं. वरचे आणि मधले स्वर जास्त थकतात, खालचे कमी. आणखी एक लाभ होतो, तो स्पीकरची खोकी बनवणारे पूर्वीपासून जाणतात: हवेची उष्णता धागे शोषतात आणि परत देतात, त्यामुळे तेवढीच पोकळी पडद्याला थोडी मोठी भासते. छोट्या वाटीला हे वरदानच.

किती घालायचा? इथे हात आखडता लागतो. पहिली चिमूट घातली की तंबोरा उलगडतो: पंचम कुठे संपला, जोड कुठे सुरू झाली, खर्ज कधी आला, हे वेगवेगळं कळू लागतं. दुसऱ्या चिमटीने टाळांचं टोचणं मावळतं. हुरूप येऊन तिसरी, चौथी घातली की सूर कोरडा पडतो. गायक श्वास घेतो तो ऐकू येईनासा होतो, तंबोऱ्याची झणक जाते, सगळं बरोबर असूनही कुणी गात नाहीये असं वाटतं. मग काढायला बसायचं. माझ्या मते या छंदातली बरीचशी बिघडलेली कामं याच हावरेपणाने बिघडतात. स्वस्त वस्तूला खूप काही करावं असं माणसाला उगाच वाटतं.

ही कापसाची चिमूट मला तंबोऱ्याच्या जवारीच्या दोऱ्याजवळची वाटते. मिरजेत तंबोरे घडतात. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात ही कला उचलली, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूरकडचा भोपळा, लाकूड, तारा हे सगळं जमून आलं तरी तंबोरा बोलतो तो घोडीवर तारेखाली सरकवलेल्या सुती दोऱ्याने. दोरा केसभर मागे-पुढे झाला की तार मुकी होते किंवा भणभणते, आणि नेमक्या जागी आला की एका तारेतून स्वरांची रांग उठते. तार छेडणारा तोच, भोपळा तोच. दोरा तंबोऱ्यात उपस्वर जागे करतो आणि कापूस वाटीतले नको ते झोपवतो, म्हणजे कामं उलटी आहेत. पण दोन्हीकडे शेवटचा निवाडा कानाचा, आणि तो केसभराच्या अंतरावर होतो. अंबडच्या दत्तजयंती संगीत महोत्सवात समोर बसून तंबोरा ऐकलेल्या माणसाला कुठे थांबायचं ते लवकर कळतं, कारण त्याच्याकडे ताडून पाहायला खरा आवाज असतो.

खरा प्रश्न आपल्या मनाचा आहे. दोन तास खपून जे केलं ते गोडच लागतं. उघडण्याआधीचा आवाज आठवून तुलना करता येत नाही, ध्वनीची आठवण फार कच्ची असते. यावर मला पटलेला उपाय असा: आधी एकच वाटी सुधारायची, दुसरीला हात लावायचा नाही. मग जुनं, एकाच वाहिनीचं ध्वनिमुद्रण लावायचं. हिराबाई बडोदेकरांची 78च्या तबकडीवरून उतरवलेली एखादी चीज यासाठी फार चांगली. अशा मुद्रणात दोन्ही कानांना अगदी एकच आवाज जातो, त्यामुळे दोन्ही वाट्या सारख्या असतील तर बाई डोक्याच्या मध्यावर स्थिर बसायला हव्यात. त्या बसत नाहीत. मध्य सप्तकात असतात तेव्हा मधोमध असतात. तारसप्तकाकडे चढू लागल्या की हळूहळू न सुधारलेल्या वाटीकडे सरकतात, कारण त्या टापूत ती वाटी जास्त ओरडते. तान खाली उतरली की परत मध्यावर. एका आकारात गायिका डोक्याच्या आत जाऊन-येऊन करते. हे ऐकल्यावर फरक आहे की भास, हा वाद उरत नाही. कोणत्या स्वरावर किती फरक आहे तेही ऐकू येतं. मग दुसऱ्या वाटीत थोडी-थोडी रुई घालत बाईंना मध्यावर आणून बसवायचं. या संपूर्ण उद्योगातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच, आणि यात साडेतीन मिनिटांची तबकडी कितीदा ऐकली जाते याचा हिशेब राहत नाही.

वाटीच्या भिंतीचं काम त्यामानाने सोपं. गाडीच्या सजावटीच्या दुकानात दारांच्या आतून चिकटवायचा डांबरी थर मिळतो. त्याचा रुपयाएवढा तुकडा आत चिकटवला (मुलांची खेळायची प्लॅस्टिसिन दाबली तरी चालते) की नखाचं टक् जाऊन ठप् येतं. वजन थोडं वाढतं. हललं की आवाज करायची भिंतीची खोड मोडते.

खालच्या स्वरांचं दुखणं निराळं आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज सुमारे 139 हर्ट्झचा, म्हणजे त्याच्या तंबोऱ्याचा खर्ज 69 च्या आसपास. एवढा खोल स्वर कानापर्यंत पोचायचा तर गादी आणि कातडी यांच्यात फट नको. चष्म्याची दांडी, कानावर आलेले केस, आक्रसलेली रेक्झिनची गादी, यांतलं काहीही खालचे स्वर गळायला पुरतं. गंमत अशी की बनवणाऱ्यांना ही गळती ठाऊक असते म्हणून की काय, पुष्कळ स्वस्त हेडफोनांत डग्गा आधीच फुगवून ठेवलेला असतो. नीट बसला तर घुमतो, सैल बसला तर पातळ होतो. म्हणून जाड, मऊ गादी घालून फट बुजवायची आणि मगच घुमाऱ्याकडे वळायचं. क्रम चुकला तर सगळी मेहनत वाया. फट बुजली की वाटीच्या पाठीवरचं श्वासाचं भोक शोधायचं आणि जखमेवर लावतात ती कागदी पट्टी एक पदर लावून ऐकायचं. ती हवा पूर्ण अडवत नाही, गाळते. माझ्या जोडीत एका पदराने डग्ग्याची मींड दिसू लागली, म्हणजे घिस्सा दिल्यावर स्वर कुठून कुठे घसरला ते कळू लागलं. दोन पदरांनी डग्गा रोडावला. खालचे स्वर मुळात शत्रू नाहीत. शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरमन कंपनीत 2012 पासून केलेल्या श्रवणचाचण्यांत बहुसंख्य ऐकणाऱ्यांनी चांगल्या खोलीतल्या चांगल्या स्पीकरसारखा, खालच्या अंगाने थोडा भरलेला आवाजच पसंत केला.

फोनमधला इक्वलायझर हे सगळं फुकटात करतो, असा आक्षेप येतो. अर्धा खरा आहे. फुगलेला डग्गा तो दाबतो, टोचणारा टापूही खाली आणतो, आणि ज्याच्याकडे सोल्डरिंगचं सामान नाही त्याने खुशाल तिथून सुरुवात करावी. पण गादीच्या फटीतून गळालेला खर्ज दर वेळी वेगळा गळतो, त्याला एकच आकडा पुरत नाही. आणि हेडफोन घरच्या रेडिओवर लावला, दुसऱ्याच्या फोनवर लावला, तर इक्वलायझर मागेच राहतो.

एवढं करून हा हेडफोन कशासाठी चांगला? भीमसेन जोशींच्या अभंगवाणीसाठी छान, जुन्या नाट्यपदांसाठी उत्तम, 78च्या तबकड्यांसाठी तर माझ्या ऐकण्यातल्या त्याच्या कितीतरी पट महाग जोड्यांच्या तोडीचा, कारण त्या मुद्रणांत अगदी वरचे स्वर मुळातच नाहीत आणि पडद्याला जे जमत नाही ते तिथे मागितलंच जात नाही. संतूर लावलं की पडदा आपली किंमत सांगतो: कलमाचा आघात बोथट, त्यामागची झणक विस्कटलेली, आणि तिथे रुई, डांबर, पट्टी यांपैकी कशाचाच इलाज चालत नाही. शिवकुमार शर्मांचं संतूर ऐकायचं असेल तर पैसे साठवावेत.