‘मिस ब्रिल’ : निवेदकाचे मौन

कॅथरिन मॅन्सफील्ड यांची ‘मिस ब्रिल’ (१९२०) ही लघुकथा तृतीयपुरुषी असली, तरी तिच्यातील दृष्टी सर्वज्ञ निवेदकाची नाही. रविवारी सार्वजनिक उद्यानात बसून इतरांची संभाषणे ऐकणाऱ्या एका एकाकी शिक्षिकेच्या मनातूनच वाचक ते उद्यान पाहतो. वाक्येही तिच्याच मनाच्या लयीने चालतात. त्यांत उद्गार आहेत, स्वतःला विचारलेले प्रश्न आहेत, स्वतःच केलेल्या दुरुस्त्या आहेत. बाकांवरील वृद्ध माणसे जणू कपाटांतून बाहेर आली आहेत, असे तिला वाटते. आपणही या नाटकातील एक पात्र आहोत, ही कल्पना तिला सुखावते.

पुढे बाकावर येऊन बसलेले तरुण जोडपे तिची व तिच्या गळ्यातील फरची कुचेष्टा करते, आणि शैली पालटते. हा संवाद भाष्याविना येतो. त्यानंतर तिला काय वाटले, हे निवेदक सांगतच नाही. नेहमीचा केक न घेता ती घरी येते, बराच वेळ बसून राहते, फर पेटीत ठेवते. केवळ कृती दिसतात. तिच्या खोलीलाही आता कपाटाचीच उपमा मिळते. ही उपमा तिला सुचली की निवेदकाला, हे ठरविता येत नाही.

झाकण लावताना काहीतरी रडत असल्याचा तिला भास होतो. हा शेवट भावविवश आहे, असा आक्षेप संभवतो. परंतु ते रडणे कोणाचे, हे निवेदक उच्चारीत नाही. त्याने ते उच्चारले असते, तरच हा आक्षेप खरा ठरला असता.