'सुमिसियाँ'मधील अतिउजवा पक्ष

मिशेल वेलबेक यांची 'सुमिसियाँ' (शरणागती) ही फ्रेंच कादंबरी ७ जानेवारी २०१५ रोजी प्रकाशित झाली. त्याच दिवशी पॅरिसमध्ये 'शार्ली एब्दो' साप्ताहिकावर हल्ला झाला आणि कादंबरीची चर्चा प्रामुख्याने इस्लामभोवती फिरत राहिली. वस्तुतः तिच्यातील अतिउजव्या पक्षाचे चित्रण अधिक चिकित्सेस पात्र आहे. २०२२ च्या काल्पनिक निवडणुकीत मारीन ल पेन यांना रोखण्यासाठी जुने पक्ष एका मुस्लिम उमेदवारामागे उभे राहतात. प्रस्थापितांची ही अगतिकता लेखकाने नेमकी हेरली आहे. मात्र ल पेन यांचा मतदार कोण, हा प्रश्न त्याला पडत नाही. निवेदक फ्रान्स्वा प्राध्यापक आहे. अतिउजवा विचार त्याला भेटतो तोही एका सहकारी प्राध्यापकाच्या मुखातून. उत्तर फ्रान्समधील बंद खाणींच्या प्रदेशातला माणूस येथे पात्र म्हणून अवतरत नाही. प्रत्यक्षात अध्यक्षीय निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत या पक्षाला २००२ मध्ये सुमारे १८, २०१७ मध्ये ३४ आणि २०२२ मध्ये ४१ टक्के मते मिळाली. या वाढीचे आकलन कादंबरीतून होत नाही. तिचे सामर्थ्य विद्यापीठाच्या चित्रणात आहे (आणि ते आपणा अध्यापकांना सुखावणारे नाही). धर्मांतराच्या मोबदल्यात फ्रान्स्वापुढे वाढीव वेतन, गेलेले पद आणि विवाह ठेवले जातात. त्याला फारसा विचार करावा लागत नाही.